आग्नेलसाठी लिनक्स

कुडाळच्या बसस्टँडजवळ एका इमारतीच्या पहिल्या मजल्यावर माझं दुकान होतं. पाटीवर 'कॉम्प्युटर आणि लॅपटॉप दुरुस्ती' एवढीच अक्षरं. जिना चढून आलेलं गिऱ्हाईक दारातून डोकवायचं, टेबलामागे साडी नेसलेली, चष्म्यावर भिंग चढवलेली बाई बघायचं आणि विचारायचं, "दुरुस्ती करणारे खंय आसत?"

"जेवूक गेलेत," मी म्हणायचे. "तोपर्यंत माझ्याकडे देवन बघा."

लग्नाआधी मी एमआयडीसीतल्या एका कारखान्यात टीव्हीच्या बोर्डांवर सोल्डरिंग करत होते. कारखाना बंद पडला, हाताची सवय मात्र राहिली. पुढे कॉम्प्युटर आले, मग लॅपटॉप आले, आणि आमच्याकडच्या दमट, खारट हवेने त्यांचे बोर्ड खायला सुरुवात केली, तसं माझं बरं चाललं. एका वकिलांच्या लॅपटॉपात सोलकढी निघाली होती. लग्नाचे फोटो काढणाऱ्या एकाच्या पंख्यात अक्षता निघाल्या. एक आजोबा दर महिन्याला यायचे आणि मुलाचा दुबईहून फोन येत नाही म्हणजे मशीन बिघडलंय असं सांगायचे. मी मशीन उघडायचे, पुसायचे, परत द्यायचे. त्यात बिघडलेलं काही नसायचं.

यंदा दुकान बंद केलं. लोक आता दुरुस्त करत नाहीत, बदलतात. दुकानाबद्दल लिहा म्हटल्यावर गमतीचं पुष्कळ आठवलं, पण लिहायला बसले की एकच लॅपटॉप डोळ्यांपुढे येतो. म्हणून तेवढंच सांगते.

त्यासाठी आधी लिनक्सबद्दल दोन शब्द. बहुतेकांच्या मशीनवर विंडोज असतं. मशीन म्हातारं झालं की नवं विंडोज त्याला पेलत नाही. मग आम्ही दुकानदार लिनक्स सुचवतो. ते फुकट मिळतं आणि हलकं असतं. पण लिनक्स म्हणजे एकच एक वस्तू नव्हे. होडीचं इंजिन एकाच बनावटीचं असलं, तरी कोणी ते मासेमारीच्या होडीला लावतो, कोणी पर्यटकांना किल्ला दाखवणाऱ्या बोटीला. लिनक्स हे तसं इंजिन आहे. त्याभोवती बांधलेल्या होडीला डिस्ट्रिब्यूशन म्हणतात, दुकानाच्या भाषेत डिस्ट्रो. उबुंटू, मिंट, फेडोरा, डेबियन, अशी ढीगभर आहेत. कणकवलीच्या कॉलेजातली मुलं माझ्या दुकानात उभी राहून त्यांच्यावरून भांडायची, गावात दशावताराच्या मंडळांवरून भांडतात तशीच. मी ऐकून घ्यायचे आणि येईल त्याला मिंट घालून द्यायचे. दिसायला ते विंडोजसारखं असतं. कोणाला काही शिकवावं लागत नाही, आणि पुन्हा फोन येत नाही. माझ्या धंद्यात पुन्हा फोन न येणं हीच शाबासकी.

रिटा आली ती आठवड्याच्या बाजाराच्या दिवशी. पन्नाशीची, सडपातळ बाई. खांद्याच्या पिशवीत भाजीखाली टॉवेलात गुंडाळलेला लॅपटॉप. मालवणच्या अलीकडे खाडीकाठी एक लहान गाव आहे, तिथून ती दोन बस बदलून आली होती. पूर्वी शाळेत शिकवायची. ती नोकरी सोडून आता घरीच शिकवण्या घेत होती.

"ह्यो माझ्या भावाचो," ती म्हणाली. "बोटीवर असताना घेतल्यान. बरीच वर्सां बंद आसा. तेका आता प्रोग्रामिंग शिकूचा आसा."

लॅपटॉप जाड, जड, जुन्या पद्धतीचा होता. कळा खोल दाबल्या जाणाऱ्या. मेमरी तुटपुंजी, बॅटरी मेलेली, हार्डडिस्क कुरकुरणारी.

"नवीन नाय जमाचो?" मी विचारलं.

"आता नाय जमाचो."

ते तिने ज्या आवाजात सांगितलं, त्यानंतर मी तो प्रश्न पुन्हा काढला नाही. "बरा. मिंट घालतंय," मी म्हटलं. "टेबलार ठेवन वापरतलो मां?"

"टेबल नाय. तो उठना नाय."

मग तिने सांगितलं. तिचा भाऊ आग्नेल मालवाहू जहाजावर इलेक्ट्रिशियन होता. जहाजाच्या पोटात दिवे दुरुस्त करताना शिडीवरून खाली पडला. मान मोडली. छातीपासून खाली काही राहिलं नाही, उजवा हातही गेला. डावा तेवढा चालतो. श्वास पुरत नाही म्हणून बोलणं कुजबुजल्यासारखं. हाक मारली तर खोलीबाहेर ऐकू येत नाही.

"पोटार ठेवलो तरी चलात," ती लॅपटॉपकडे बघत म्हणाली. "तेका वजन कळना नाय. मागे थंडीत पायाकडे गरम पाण्याची पिशी ठेवलेलंय. सकाळी बघतंय तर कातडी सुटलेली. तेका काय एक कळूक नाय."

मी हातातला स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवला. त्या वयाचा लॅपटॉप चांगलाच तापतो. मांडीवर घेतला आणि चटका बसला की आपण उचलून बाजूला ठेवतो. ज्याला चटका कळतच नाही, त्याने काय करायचं? इतकी वर्षं मी लोकांना विचारत आले होते की मशीनवर काय काम करणार. ते ठेवणार कुठे, वापरणारा माणूस कसा आहे, हे मला कधी विचारावं लागलं नव्हतं.

"आधी मी येवन बघतंय," मी म्हटलं. "मगे ठरवया."

पुढच्या रविवारी गेले. बसकं कौलारू घर, पुढे क्रूस, त्यापुढे पणती. आग्नेलची खाट खिडकीला लावलेली होती. खिडकीतून माडांची खोडं आणि शेजारच्या सावित्रीचं अंगण दिसायचं. सावित्री म्हणजे साठीची विधवा बाई. रिटा बाजाराला किंवा बँकेत गेली की तीच आग्नेलपाशी येऊन बसायची.

आग्नेल माझ्यापेक्षा बराच लहान, पंचेचाळिशीचा. दाढी नीट केलेली, केस भांग पाडलेले. रिटाचं काम. त्याने मला नमस्कार केला नाही, कुठून आलात विचारलं नाही. अर्धं वाक्य बोलायचं, श्वास घ्यायचा, मग उरलेलं, असं करत त्याने थेट विचारलं, "डिस्ट्रो खंयची घालतलास?"

"मिंट. सोपी आसा."

"सोपी नको." श्वास. "न बदलणारी होयी."

"म्हणजे?"

"माका एकच हात. बोटांका एकदा जागा पाठ झाल्यो की..." पुन्हा श्वास. "मगे त्यो हलाक नयेत. बोटीवर चलणाऱ्या पंपाक आमी हात लावी नव. समुद्रात दुकान नसता."

मी स्टूल ओढून बसले आणि आम्ही नीट बोललो. त्या खोलीत मशीनला काय काय सोसायचं आहे ते त्याने एकेक करून सांगितलं. पावसात वीज केव्हाही जाते आणि बॅटरी तर मेलेलीच. नेट यायचं ते रिटाचा मोबाइल खिडकीच्या गजाला बांधल्यावर, आणि तेही मुंगीच्या पावलांनी. माउस किंवा टचपॅड त्याच्या हाताला जमत नव्हतं. आणि उष्णता. ती त्याने शेवटी सांगितली, रिटा चहा आणायला आत गेली तेव्हा.

परतताना बसमध्ये माझं ठरलं. डेबियन. त्यातही तिची 'स्टेबल' म्हणतात ती आवृत्ती. ती काही वर्षं तशीच्या तशी राहते. चुका आणि सुरक्षा यांपुरत्या बारीक दुरुस्त्या येतात, त्या गजाला बांधलेल्या मोबाइलवरूनही उतरतात. कॉलेजातल्या मुलांना ती शिळी वाटायची. पण शिळं म्हणजे वाईटच असं नाही, हे आंबोळीचं पीठ आंबवणाऱ्या बाईला कोणी सांगावं लागत नाही.

डेबियनवर मी नेहमीचा सजवलेला पडदा घातलाच नाही. चित्रं नाहीत, सावल्या नाहीत, सरकत येणाऱ्या खिडक्या नाहीत. अशी शोभा प्रोसेसरला राबवते आणि राबला की तो तापतो. त्याऐवजी एक साधी मांडणी घातली. तीत सगळं कळांवर चालतं आणि खिडक्या आपोआप शेजारी शेजारी बसतात. शिफ्ट किंवा कंट्रोल दाबून सोडली तरी ती पुढच्या कळेपर्यंत दाबलेली राहील, अशी सोय केली. नाहीतर एका हाताने दोन कळा एकदम कशा दाबणार? हार्डडिस्क काढून तिथे एसएसडी बसवली. तिला फिरणारे भाग नसतात, वीज थोडी लागते. पंखा साफ केला, प्रोसेसरवरची उष्णता ओढून घेणारी वाळलेली पेस्ट खरवडून नवी लावली, आणि त्याला वरच्या वेगाने पळायची बंदीच घातली. सुताराकडून खाटेवर आडवी राहील अशी, खाली पाय लावलेली फळी करून घेतली, खालून हवा खेळती राहील अशी.

मग तो लॅपटॉप चालू ठेवून मी अख्खी दुपार मांडीवर घेऊन बसले आणि दुसऱ्यांच्या दुरुस्त्या करत राहिले. कोमट झाला, पण चटका देईल असा तापला नाही. माझ्या आयुष्यात मी पुष्कळ मशिनं तपासली, पण अशी तपासणी तेवढी एकच.

आग्नेल शिकत गेला. जहाजावरच्या कामाने इंग्रजी येत होतं, त्यामुळे पुस्तकं वाचता यायची. पायथॉन नावाची भाषा त्याने धरली. ती नवशिक्याला सोपी, आणि लिहायला साधी अक्षरांची खिडकी पुरते. चूक झाली की तो चिडायचा नाही. वायरिंगमध्ये दोष शोधल्यासारखा एका टोकापासून तपासत यायचा. मी महिन्यातून एखाद्या रविवारी जायचे. मला प्रोग्रामिंग फारसं येत नाही. मी मशीन बघायचे, धूळ काढायचे, आणि त्याने केलेलं काही तो दाखवायचा ते बघायचे. भरती-ओहोटीच्या वेळा सांगणारा एक प्रोग्राम त्याने सावित्रीच्या पुतण्यासाठी केला होता. पुतण्या म्हणाला, "माका खाडी बघून कळता." आग्नेलला ते ऐकून हसू आलं. त्याच्या हसण्याला आवाज नसायचा, फक्त खांदा हलायचा.

त्या वर्षी पाऊस संपल्यावर रिटाने त्याला गोव्याच्या मोठ्या हॉस्पिटलात तपासायला नेलं. मी पुढच्या वेळी गेले तेव्हा घरात रिटा नेहमीपेक्षा जास्त बोलत होती, भांडी पुन्हा पुन्हा घासत होती. ती विहिरीवर गेल्यावर आग्नेलने मला सांगितलं. मणक्याच्या आत पाणी साठत चाललं होतं. डावा हातही हळूहळू जाणार. ऑपरेशन केलं तरी हात वाचेल असा भरवसा डॉक्टर देत नव्हते.



"हात आसा तोपर्यंत," तो म्हणाला, "हाताशिवाय चलणारो प्रोग्राम लिवन टाकूचो आसा."

त्याच्या डोक्यात सगळं तयार होतं. पडद्यावर वाक्यं आणि अक्षरं मांडलेली असतील. एक चौकट त्यांच्यावरून आपोआप सरकत जाईल. हवं तिथे चौकट आली की एक बटण दाबायचं, फक्त एक. पहिली जागा घंटेची. ती निवडली की स्वयंपाकघरात घंटा वाजेल, पुन्हा बटण दाबलं की थांबेल. त्यापुढे रोजची वाक्यं. ती निवडली की मशीन मोठ्याने बोलेल, कारण कफ झाला की त्याची कुजबुजही बंद व्हायची. शेवटी अक्षरं, म्हणजे लिहिणं थांबणार नाही.

"असे तयार प्रोग्राम मिळतत," मी म्हटलं. "मी शोधतंय."

"मी शोधलंय. घालून बघितलंय." श्वास. "थय माझी भाशा नाय. रिटाक काय सांगू? 'कृपया मला कुशीवर वळवा'?"

त्याचा खांदा हलला. मलाही हसू आलं.

त्या हिवाळ्यात त्याने तो प्रोग्राम लिहिला. वाक्यं रिटानेच सांगितली, कारण तो काय काय मागतो हे तिला जास्त ठाऊक होतं. 'कूस बदल.' 'पंखो बारीक कर.' 'नाकार माशी बसली.' एक त्याने स्वतःहून घातलं, 'काय नाय, उगीच बोलवलंय.' ते वाचून रिटा म्हणाली, "ह्या कशाक? उगीच बोलवतलंस तर मी येवचंय नाय." पण काढायला तिने सांगितलं नाही.

मशीनचा आवाज मराठीतला, सपाट. त्याच्या तोंडून मालवणी पहिल्यांदा ऐकली तेव्हा रिटा पदर तोंडाला लावून हसत सुटली. "हो कोण? ह्यो तर तपासणीक इल्लो शाळा-इन्स्पेक्टर." पुढे कितीतरी दिवस ती त्याला इन्स्पेक्टरच म्हणायची. मशीनने 'कूस बदल' म्हटलं की आतून उत्तर यायचं, "इलंय, सायबानू."

घंटा मी बसवली. लॅपटॉपला जोडायचा एक छोटा रिले मिळतो, म्हणजे मशीनच्या हुकमावर चालू-बंद होणारं बटण. त्याच्यापासून वायर काढून स्वयंपाकघरात भोंगा लावायचा. मी भिंतीवरून वायर नेत होते तर खाटेवरून हुकूम आला, "त्या भिंतीसून नको. पावसात ओल येता. वरसून, वाशाकडसून घ्या." मी मुकाट वर चढले. माझे जोड त्याने जवळ आणून दाखवायला लावले. बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "बरे आसत." कारखान्यात इतकी वर्षं काम केलं, पण एवढ्या बारकाईने माझं सोल्डरिंग कोणी बघितलं नव्हतं.

बोटं मात्र जात होती. आधी करंगळी, मग तिच्याशेजारचं. तो त्याप्रमाणे कळांच्या जागा बदलून घ्यायचा. ज्याला काही बदलायला नको होतं, त्याला दर थोड्या दिवसांनी स्वतःच बदलावं लागत होतं. मी गेले की तो हाताबद्दल बोलायचा नाही. प्रोग्राम कुठवर आला तेवढं सांगायचा.

आणि पावसाच्या तोंडावर एका दुपारी वीज पडली. घरावर नाही, जवळच्या खांबावर. लॅपटॉप लाइनला जोडलेला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडायच्या आधी रिटा जिन्यात उभी होती, छातीशी तोच टॉवेल धरून. मी उघडलं तर बोर्डाचा एक कोपरा काळा पडला होता. वास अजून येत होता.

"होयत मां?" तिने विचारलं.

"बोर्ड गेलो," मी म्हटलं.

ती खाली बसली. स्टुलावर नाही, जमिनीवरच. "तेणी तीन बोटांनी लिवलेला सगळा," ती म्हणाली. "आता एक रवला. परत लिवक जमाचा नाय तेका."

डिस्क वाचली होती की नाही मला ठाऊक नव्हतं. कपाटावर एका बँकवाल्याने टाकून दिलेला दुसरा जुना लॅपटॉप होता. मी आग्नेलची डिस्क काढून त्यात बसवली आणि बटण दाबलं. काळ्या पडद्यावर पांढऱ्या ओळी धावू लागल्या. लिनक्सचा हा गुण मला आवडतो. जाग आल्यावर आपण कुठल्या अंगात आहोत ते बघून घेतं आणि कामाला लागतं. वाय-फाय तेवढं ओळखेना, ते मी नंतर जमवलं. पडद्यावर आग्नेलची मांडणी आली, त्याची फाइल आली, शेवटची अर्धी ओळही होती. रिटाला त्यातलं काही कळत नव्हतं. ती माझ्या तोंडाकडे बघत होती. मी मान हलवली तेव्हा तिने टॉवेल डोळ्यांना लावला.

नव्या मशीनच्या कळा उथळ होत्या, पण आता त्यांचं काम उरलंच नव्हतं. दाराच्या घंटेला असतं तसं मोठं, हलक्या स्पर्शाने दबणारं बटण मी जोडून दिलं. राहिलेलं त्याने अंगठ्याशेजारच्या एका बोटाने पुरं केलं. त्याच्याच प्रोग्रामने, चौकट अक्षरावर यायची वाट बघत, एकेक अक्षर. म्हणजे शेवटचा भाग त्या प्रोग्रामने स्वतःच लिहून घेतला म्हणा. आग्नेलने मला तसं सांगितलं तेव्हा त्याला खरंच आनंद झाला होता. त्याचा तसा चेहरा मी पुन्हा बघितला नाही.

तो पावसाळा बरा गेला. घंटा वाजायची, इन्स्पेक्टर बोलायचा, रिटा धावायची.

नाताळाच्या आधी रिटा स्वयंपाकघरात नेवऱ्या, म्हणजे करंज्या, करायला बसली होती. सकाळची वेळ. आग्नेलला आतून भांडं पडल्याचा आवाज आला, मग काही नाही. त्याने हाक मारायचा प्रयत्न केला, पण त्याची हाक कुठे पोचणार? मग त्याने घंटा निवडली. कोणी आलं नाही. पुन्हा निवडली, आणि यावेळी बंद केली नाही, वाजत ठेवली.

सावित्री अंगणात होती. तिला वाटलं, भोंगा बिघडून अडकला असेल. थोडा वेळ तिने वाट बघितली, मग बंद करायला म्हणून ती मागल्या दाराने आत गेली. रिटा चुलीपाशी पडलेली होती. डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं. पडली त्याच क्षणी संपलं होतं सगळं.

सावित्रीने मला नंतर सांगितलं, "भोंगो तसोच वाजत होतो. मी आग्नेलाच्या दारात जावन उभी रवलंय. तेणी माझ्याकडे बघल्यान आणि बटण दाबून भोंगो बंद केल्यान."

मी मातीला गेले. आग्नेलला खाटेसकट अंगणात आणलं होतं, रिटाला शेवटचं बघता यावं म्हणून. लोक पांगल्यावर मी त्याच्याजवळ गेले. त्याने ओठ हलवले, मी कान खाली नेला.

"घंटा वाजली," तो म्हणाला. श्वास. "प्रोग्राम बरोबर चललो."

मी त्याच्या कपाळावर हात ठेवला. दुसरं काय करणार? मला त्या वेळी वाटलं आणि अजून वाटतं, तो प्रोग्राम बिघडला असता तर त्याला रागवायला काहीतरी मिळालं असतं.

त्याला सांभाळणारं आता घरात कोणी नव्हतं. सावित्रीने काही आठवडे केलं, पण तिचंही वय झालेलं. चर्चच्या लोकांनी गोव्यातल्या, ननांनी चालवलेल्या एका आश्रमात त्याची सोय केली. घराला कुलूप लागलं.

दुकान बंद केल्यावर माझ्याकडे वेळच वेळ होता. एक दिवस हत्यारांची पेटी घेऊन आश्रमात गेले. जागा चांगली आहे, खोटं कशाला बोलू? लांब, हवेशीर खोली, ओळीने खाटा, स्वच्छ चादरी. आग्नेल खिडकीपासून दुसरा. अंगावर मांस उरलं नव्हतं. लॅपटॉप मात्र दिसला नाही. तिथल्या सिस्टरने सांगितलं, "घंटेचा आवाज फार मोठा आहे हो. बाकीचे पेशंट दचकतात. म्हणून कपाटात ठेवलाय."

मी लॅपटॉप काढून घेतला. घंटेचा भोंगा काढला, त्याजागी सिस्टर बसतात त्या टेबलावर एक लहान दिवा आणि बारीक सूर काढणारा बझर बसवला. वायर नीट भिंतीलगत नेली. खाटेवर फळी मांडली, बोटाखाली बटण ठेवलं. मशीन सुरू झालं, चौकट पडद्यावर सरकू लागली. घंटेवर आली, पुढे गेली, फिरून पुन्हा घंटेवर आली.

"दाबून बघ," मी म्हटलं.

त्याचं बोट बटणावर होतं. त्याने दाबलं नाही.

"कोणाक बोलवू?" तो म्हणाला.

"सिस्टर येतली मां."

"सिस्टर येतत." श्वास. "ठरल्या वेळार येतत. बोलवल्याशिवाय येतत."

तो तक्रार करत नव्हता. मी उगाच वायर तपासली, बझर एकदा स्वतःच वाजवून बघितला, मग पेटी आवरायला लागले. पक्कड, कटर, सोल्डरिंगची कांडी, सगळं जागच्या जागी. चौकट आपली फिरत होती.

त्याने पुन्हा ओठ हलवले म्हणून मी वाकले.

"काम झाला?"

"झाला."

"मगे बस गो जरा."

मी पेटी खाटेखाली सारली आणि स्टूल ओढून बसले. चार वाजता सिस्टर औषधं घेऊन आली, त्याला कुशीवर वळवलं, उशी सारखी केली. जाताना तिने मला विचारलं, कुडाळची बस निघायची वेळ झाली असेल ना?

"पुढच्या बसने जाते," मी म्हटलं.

पुढची बस नव्हती.